पार्किन्सन्स: शेजारच्या पेशी जातात, मग या का टिकतात?

बकुळ (धागाकर्ती)

पार्किन्सन्सवर कुठेही वाचायला घेतलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी मरतात. वाचणाऱ्याला वाटतं, डोपामिनच्या झाडून सगळ्या पेशींवर एकदम संकट येत असावं. तसं होत नाही. एकच रसायन बनवणाऱ्या, एकमेकींपासून काही मिलिमीटरवर असलेल्या पेशींपैकी काही जवळजवळ नाहीशा होतात आणि काही शेवटपर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहतात. या आजारातला सगळ्यात मोलाचा प्रश्न मला हाच वाटतो. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि घरी सासऱ्यांची शुभंकर (आजारी माणसाचा सांभाळ करणारी) आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा विषय डोक्यात असतो.

मध्यमेंदू आडवा कापला की दोन्हीकडे एक काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसतो. हा सबस्टॅन्शिया नायग्रा. काळा रंग न्यूरोमेलॅनिन या पेशींतल्या रंगद्रव्याचा. शिकत असताना बरणीतले दोन काप शेजारी ठेवून दाखवले होते. एकात पट्टा ठळक, दुसऱ्यात इतका फिकट की बोट ठेवून दाखवावा लागला. दुसरा पार्किन्सन्सच्या रुग्णाचा. या पट्ट्याचा आणि आजाराचा संबंध त्रेत्याकॉफ यांनी पॅरिसमध्ये 1919 च्या प्रबंधात दाखवला होता.

पण फिकटपणा सगळीकडे सारखा नसतो. लंडनच्या फर्नली आणि लीस यांनी 1991 मध्ये 20 रुग्णांच्या आणि 36 निरोगी माणसांच्या मेंदूंतल्या रंगीत पेशी मोजल्या. नायग्राच्या खालच्या-बाहेरच्या थरात रुग्णांच्या सरासरी 91 टक्के पेशी गेलेल्या होत्या, खालच्या-आतल्या थरात 71 टक्के आणि वरच्या थरात 56 टक्के. आता वयाचं गणित बघा. निरोगी माणसांत दर दहा वर्षांना वरच्या थरातल्या 6.9 टक्के पेशी कमी होतात, आणि पार्किन्सन्समध्ये सगळ्यात आधी रिकामा होणारा तो खालचा-बाहेरचा थर मात्र जेमतेम 2.1 टक्क्यांनी. म्हणजे क्रम बरोबर उलटा. "वय झालं की होतंच थोडंफार" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, त्याला यापेक्षा चोख उत्तर मी पाहिलेलं नाही. म्हातारपण वेगळ्या पेशी नेतं, पार्किन्सन्स वेगळ्या.

नायग्राच्या आतल्या अंगाला, मध्यरेषेपाशी, डोपामिन पेशींचा आणखी एक पुंजका आहे, व्हीटीए. इच्छा, उमेद, बक्षिसाची ओढ यांच्याशी त्याचा संबंध. तिथली हानी नायग्रापेक्षा बरीच कमी असते. आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर लगाम ठेवणाऱ्या, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या डोपामिन पेशी तर टिकून राहतात, हे 1985 मध्येच दाखवलं गेलंय.

रसायन एक, मेंदू एक, वय एक. मग फरक कशाचा?

सह्यकडा

उत्तम विषय. एक शंका. व्हीटीएच्या पेशींत एखादं संरक्षक प्रथिन असेल आणि नायग्रात नसेल, इतकं सरळ उत्तर नाही का? कॅल्बिंडिन असं काहीतरी वाचल्याचं आठवतंय.

बकुळ

बरोबर आठवतंय. कॅल्बिंडिन पेशीतलं मोकळं कॅल्शियम धरून ठेवतं. 1999 मध्ये दामिए, हिर्श, आजिद आणि ग्रेबिएल यांनी या प्रथिनाच्या रंगकामावरून नायग्राचे भाग पाडले. कॅल्बिंडिन जिथे कमी, तिथे पेशींचे पाच पुंजके सापडले. त्यांना निग्रोसोम म्हणतात. सर्वांत मोठ्या, पहिल्या निग्रोसोममधल्या 98 टक्के पेशी रुग्णांत गेलेल्या होत्या. कॅल्बिंडिनने भरलेल्या आजूबाजूच्या भागात हानी बरीच कमी. त्यामुळे "हीच ढाल" असं वाटणं साहजिक होतं. पण पुढे ज्या उंदरांत कॅल्बिंडिनचं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांना डोपामिन पेशी मारणारं विष दिलं, तरी त्यांच्या पेशी जास्त मेल्या नाहीत. माकडांत बाहेरून कॅल्बिंडिन वाढवल्यावर मात्र संरक्षण मिळालं. म्हणून मी त्याला निम्मी खूण आणि निम्मी मदत समजते.

माझा कल दुसरीकडे आहे: पेशीवरचा भार.

नायग्राच्या पेशीचा अक्षतंतू (संदेश नेणारा लांब धागा) स्ट्रायटममध्ये, म्हणजे हालचालीचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात, शिरला की इतका फांदतो की विश्वास बसत नाही. जपानमध्ये मात्सुदा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये उंदराच्या एकेका पेशीचा तंतू पूर्ण काढून मोजला. स्ट्रायटममधल्या फांद्यांची लांबी सरासरी जवळपास 47 सेंटिमीटर, एका पेशीची तर 78. उंदराच्या मेंदूत! ऑक्सफर्डच्या बोलम आणि पिसादाकी यांनी 2012 मध्ये हे गणित माणसापर्यंत नेलं: एका पेशीला साधारण 10 ते 24 लाख चेतासंधी (पेशी-पेशींमधले सांधे) आणि साडेचार मीटरच्या आसपास तंतू. एवढ्या फांद्यांत विद्युतसंदेश पोहोचवायचा, प्रत्येक टोकाला मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) पाठवायचे, जुने परत आणायचे, डोपामिन भरायचं. एका डीपीवर अख्ख्या शिवाराचे पंप चालवावेत तशी गत. व्हीटीएच्या पेशींचा पसारा याहून बराच लहान.

हा नुसता अंदाज राहिलेला नाही. मॉन्ट्रियलच्या त्रूदो यांच्या प्रयोगशाळेने 2015 मध्ये दाखवलं की नायग्राच्या पेशी व्हीटीएच्या पेशींपेक्षा जास्त ऊर्जा जाळतात आणि त्यांच्यावर ऑक्सिडेशनचा ताणही जास्त. मग त्यांनी एका प्रथिनाच्या मदतीने नायग्राच्या पेशींच्या फांद्याच कमी वाढू दिल्या. त्या पेशींचा ऊर्जेचा खर्च उतरला आणि विषापुढे त्या जास्त टिकल्या. हा प्रयोग मला फार आवडतो. पेशीत कुठलीही ढाल घातली नाही, तिचा पसारा आटोक्यात ठेवला.

यात आणखी एक भर. या पेशी बाहेरून हुकूम नसतानाही स्वतःहून सेकंदाला साधारण 2 ते 4 ठोके देत राहतात, आणि नायग्रात प्रत्येक ठोक्यागणिक कॅल्शियम आत येतं. ते बाहेर काढायला पुन्हा ऊर्जा. व्हीटीएच्या पेशीही ठोके देतात, पण त्यांत कॅल्शियमची ये-जा कमी आणि ते धरून ठेवणारं कॅल्बिंडिन जास्त.

शुभंकर_ठाणे

बकुळताई, बाबांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू आहेत. वाचून धस्स झालं. बंद करू का?

बकुळ

नाही, अजिबात नाही. इथे बोलतोय ते पेशीच्या पडद्यातून आत-बाहेर होणारं कॅल्शियम. रक्तातल्या कॅल्शियमची पातळी शरीर काटेकोर सांभाळतं. गोळी घेतली म्हणून नायग्रात जास्त कॅल्शियम शिरत नाही. पार्किन्सन्समध्ये पडण्याचा धोका मोठा, त्यात हाडं ठिसूळ असली तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात तशाच चालू ठेवा.

गोरखचिंच

बॉस्टनहून लिहितोय, मज्जाविज्ञानात काम करतो. बकुळ यांनी कॅल्शियमचा विषय काढलाच आहे तर त्याची पुढची गोष्टही इथे यायला हवी, कारण ती अपयशाची आहे आणि शुभंकरांना ती कळायलाच हवी.

नायग्राच्या पेशींत कॅल्शियम आत सोडणारं एक दार आहे, सीएव्ही 1.3. रक्तदाबाच्या काही गोळ्या ते बंद करू शकतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या सरमायर यांच्या गटाने 2007 मध्ये उंदरांत इस्रॅडिपिन ही तशीच एक गोळी देऊन या पेशी वाचतात असं दाखवलं. अशा गोळ्या घेणाऱ्यांत पार्किन्सन्स कमी दिसतो, असंही काही लोकसंख्या-पाहण्यांत आढळलं. सगळं जुळत होतं. मग 336 रुग्णांवर, आजाराच्या सुरुवातीलाच, रोज 10 मिलिग्रॅम, 36 महिने अशी मोठी चाचणी झाली. 2020 मध्ये निकाल आला: आजाराचा वेग कमी झाला नाही.

मात्रा कमी पडली की रोगनिदान होईपर्यंत उशीरच झालेला असतो, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. मला दुसरं जास्त पटतं. लक्षणं दिसू लागतात तेव्हा त्या खालच्या-बाहेरच्या थरातल्या 68 टक्के पेशी गेलेल्या असतात, असं बकुळ यांनी सांगितलेल्या 1991 च्या कामातच निघालं होतं. उरलेल्या थोड्या पेशींवर औषधाचा असर दाखवणं फार अवघड.

आता नवीन. 2022 मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या मकोस्को यांच्या गटाने मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंतल्या सुमारे 22 हजार डोपामिन पेशींच्या केंद्रकांमधली जनुकं एकेक करून वाचली. त्यांना डोपामिन पेशींचे दहा प्रकार सापडले. त्यातला एक, ज्यात सॉक्स6 आणि एजीटीआर1 ही जनुकं चालू असतात, तो रुग्णांत सगळ्यात जास्त घटलेला. कुठे असतो हा प्रकार? खालच्याच थरात. आणि पार्किन्सन्सचा धोका वाढवणारे जनुकीय बदल ज्या जनुकांजवळ आहेत, ती याच प्रकारात जास्त सक्रिय. म्हणजे आनुवंशिक धोका काही अंशी त्याच पेशींच्या आत काम करतो. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. नुसती बाहेरची परिस्थिती किंवा नुसता भार याने सगळं सुटत नाही. पेशीची स्वतःची घडण मोजावीच लागते.

खडीसाखर

एजीटीआर1 म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन ज्याला अडवतात तेच ना? आईला बीपी आहे आणि पार्किन्सन्सही. डॉक्टरांना सांगून अ‍ॅम्लोडिपिनऐवजी टेल्मिसार्टन मागू का?

गोरखचिंच

रिसेप्टर (पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन) तोच. पण एखादं जनुक मरणाऱ्या पेशीत चालू आहे, म्हणून तेच तिला मारतंय असं ठरत नाही. कॅल्बिंडिनचा धडा ताजा आहे. पार्किन्सन्ससाठी टेल्मिसार्टन उपयोगी पडतं असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. दुसरं म्हणजे या आजारात उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरणं फार नेहमीचं आहे, लेव्होडोपाने (ज्याचं मेंदूत डोपामिन होतं त्या मुख्य औषधाने) त्यात भर पडते. बीपीच्या गोळीत बदल करायचाच असेल तर तो आईंचं झोपलेलं आणि उभं, दोन्ही बीपी मोजून डॉक्टरांनी करावा.

निळी_शाई

हे सगळं मेंदूच्या एका कोपऱ्यापुरतं झालं. पण बाबांचा आजार सुरू झाला तो बद्धकोष्ठतेने आणि वास जाण्याने, हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी. तिथे तर डोपामिनचा संबंध नसावा?

बकुळ

निळी_शाई, तुमचा प्रश्न धाग्याच्या गाभ्याला हात घालतो. 2003 मध्ये जर्मनीतल्या ब्राक आणि सहकाऱ्यांनी मेंदूत ल्युई पुंजके (अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी) कुठल्या क्रमाने दिसतात ते मांडलं. सुरुवात वास घेणाऱ्या भागात आणि लंबमज्जेतल्या व्हेगस नसेच्या एका केंद्रात. हेच केंद्र आतड्यांकडे संदेश पाठवतं. त्याला अगदी खेटून जिभेचे स्नायू हलवणाऱ्या पेशींचं केंद्र आहे. व्हेगसच्या केंद्रात गाठीच गाठी, आणि जिभेचं केंद्र स्वच्छ. दोन्हींत डोपामिन नाही.

ब्राक यांचं म्हणणं असं की बळी पडणाऱ्या पेशींचे तंतू लांब, बारीक आणि जवळपास आवरणाशिवायचे असतात. जिभेच्या पेशींचे तंतू जाड आणि मायलिनच्या आवरणाचे. आवरण असलेल्या तंतूत संदेश पाठवायला ऊर्जा कमी लागते. बघा, पुन्हा भारापाशीच आलो. नायग्राच्या तंतूंनाही आवरण जवळजवळ नसतंच.

निळी_शाई

जिभेचं केंद्र स्वच्छ असेल तर बाबांचं बोलणं पुटपुटल्यासारखं का येतं? फोनवर तर काहीच कळत नाही.

बकुळ

जिभेकडे जाणारी नस ठीक असते, पण किती जोराने आणि किती मोठी हालचाल करायची हे ठरवणारं वरचं मंडळ डोपामिनअभावी आखडलेलं असतं. अक्षर बारीक होतं, पावलं छोटी पडतात, तसाच आवाजही लहान होतो. गंमत म्हणजे "बाबा, मोठ्याने" म्हटलं की बहुतेकांचा आवाज तेवढ्यापुरता खुलतो, कारण स्नायू आणि नसा शाबूतच असतात. वाचा-उपचारतज्ज्ञ याच गोष्टीचा फायदा घेऊन सराव करून घेतात. जरूर दाखवा.

शुभंकर_ठाणे

टिकलेल्या पेशींवरून एक विचारतो, जरा संकोच वाटतोय. बाबांना सिंडोपासोबत (लेव्होडोपाची गोळी) प्रॅमिपेक्सोल सुरू केल्यावर काही महिन्यांत ते रात्री दोन-दोन वाजता मोबाइलवर वस्तू मागवायला लागले. पाच-सहा एकसारखे टॉर्च, घड्याळं, झाडं कापायच्या कात्र्या. आयुष्यभर पै-पैचा हिशोब लिहिणारा माणूस. आईने विचारलं तर चिडायचे. आम्हाला वाटलं स्मृतिभ्रंश सुरू झाला. डॉक्टर म्हणाले औषधाने होतं आणि गोळी हळूहळू कमी केली. आता बरंच निवळलंय. याचा या धाग्याशी संबंध आहे का?

गोरखचिंच

थेट संबंध आहे, आणि हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ज्या पेशी गेल्या त्यांची भरपाई करायला आपण डोपामिनचं औषध देतो. औषध मात्र रक्तावाटे सगळीकडे जातं. हालचालीच्या मंडळात डोपामिन खूप कमी पडलेलं, तिथे मात्रा योग्य ठरते. व्हीटीएच्या पेशी आणि त्यांचं ओढीचं, बक्षिसाचं मंडळ बऱ्यापैकी शाबूत, तिथे तीच मात्रा जास्त होते. जुगार, खरेदी, खा-खा, लैंगिक वागण्यातला बदल हे त्यातून येतं. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांच्यात हा धोका ठळक, कारण ती डी3 या रिसेप्टरला विशेष चिकटतात आणि ते बक्षिसाच्या मंडळात जास्त असतात.

इथल्या प्रत्येक शुभंकराला विनंती: असं काही दिसलं तर माणसाच्या स्वभावावर घेऊ नका आणि डॉक्टरांपासून लपवू नका. गोळी स्वतःहून एकदम बंदही करू नका, त्याचे वेगळे त्रास होतात.

सह्यकडा

म्हणजे काही पेशी टिकतात त्याची किंमतही रुग्णच मोजतो. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

भारतीय मेंदूंवर काही काम झालंय का?

बकुळ

झालंय, आणि ते आपल्याकडे जास्त माहीत असायला हवं होतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतल्या मुथाने आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये आजार नसलेल्या भारतीयांच्या मेंदूंतल्या नायग्राच्या रंगीत पेशी मोजल्या. ब्रिटनमधल्या मेंदूंपेक्षा त्या सुमारे 40 टक्के कमी निघाल्या, पण वयानुसार त्यांत घट दिसली नाही. निम्हान्समधूनच 2009 मध्ये फाल्गुनी अल्लाडी आणि सहकाऱ्यांच्या कामातही वाढत्या वयात या पेशी टिकून असल्याचं दिसलं. पेशी मुळात कमी असूनही आपल्याकडे आजार जास्त दिसत नाही. म्हणजे किती पेशी घेऊन जन्मलो यापेक्षा त्या किती सांभाळल्या जातात हे जास्त मोलाचं, असं मी त्यातून घेते.

त्याच देशात उलटं उदाहरणही आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत भरूचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी करून 1988 मध्ये आकडा दिला: 14,010 लोकांत 46 रुग्ण, म्हणजे लाखामागे 328. भारतातल्या इतर पाहण्यांपेक्षा हे बरंच जास्त. त्या समाजात वृद्धांचं प्रमाण मोठं आहे हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचायला हवा.

खडीसाखर

शेवटचं विचारते. टिकाऊ पेशी कुठल्या ते कळलंय, तर त्याच प्रयोगशाळेत वाढवून मेंदूत का घालत नाहीत? आम्हाला एका ठिकाणी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, चार लाखांचं. आईचा धाकटा भाऊ पैसे द्यायला तयार आहे.

गोरखचिंच

कृपया पैसे भरू नका. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

टिकाऊ पेशी आणि हालचालीला लागणाऱ्या पेशी एक नाहीत. उंदरांवरच्या रोपणात दिसलंय की स्ट्रायटममध्ये नीट फांदून हालचाल सुधारणाऱ्या पेशी नायग्राच्याच जातीच्या लागतात. व्हीटीएसारख्या, कॅल्बिंडिनवाल्या पेशी जगतात, पण हव्या त्या जागी पोहोचत नाहीत. ज्या पसाऱ्यामुळे पेशी नाजूक होते, त्याच पसाऱ्यामुळे ती हात-पाय चालवते. म्हणून नाजूक जातीचीच पेशी घालायची आणि तिला जपायचं, असा दुहेरी प्रश्न आहे. पूर्वी गर्भाच्या ऊतीचं रोपण झालेल्या काही रुग्णांच्या मेंदूंत दहा वर्षांहून जुन्या रोपणातही ल्युई पुंजके सापडले, हे 2008 मध्ये कळलं. तरी त्यातल्या बहुतेक पेशी जिवंत होत्या, हेही तितकंच खरं.

खऱ्या चाचण्या चालू आहेत. एप्रिल 2025 मध्ये दोन प्रसिद्ध झाल्या: क्योटोत 7 रुग्ण, उत्तर अमेरिकेत 12. दोन्हींत मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता. पेशी टिकल्या, डोपामिन बनवू लागल्या, गंभीर धोका दिसला नाही. यापलीकडे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या पेशी कवटीला छिद्र करून नेमक्या जागी सोडल्या जातात. शिरेतून सलाइनसारख्या दिलेल्या पेशी नायग्राची जागा घेत नाहीत.

आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सन्ससाठी स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. तुम्हाला पॅकेज सांगणाऱ्यांना चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा, आणि तो त्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

खडीसाखर

विचारलं. नोंदणी क्रमांक नाही म्हणाले. मामाला हा धागा वाचायला पाठवलाय.